प्रश्न वाचकांचे : बुरशीची साखर ओळखणारे प्रतिपिंड

गेल्या अंकातील बुरशीजन्य आजारांच्या निदानावरील लेखात एक वाक्य होते : ‘बुरशीच्या बहुशर्करा ओळखणारे पुनर्संयोजित प्रतिपिंड तयार करणे ही आजची निकड आहे.’ हे वाक्य स्पष्ट करून सांगावे, अशी मागणी करणारी बरीच पत्रे आली. त्यांतील सात प्रश्न येथे घेतले आहेत. बहुशर्करा म्हणजे साखरेच्या अनेक रेणूंची साखळी आणि प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे वाचन सोपे जाईल.

आमच्या अभ्यासक्रमात प्रतिपिंडांची सगळी उदाहरणे प्रथिनांची असतात. बहुशर्करेविरुद्ध प्रतिपिंड मिळवणे एवढे अवघड का? आणि ‘पुनर्संयोजित’ म्हटल्याने नेमका काय फरक पडतो?
— मायक्रोबायॉलॉजीची विद्यार्थिनी, नागपूर

पहिली अडचण रेणूच्या स्वभावातच आहे. प्रथिनाच्या पृष्ठभागावर वीस प्रकारच्या अमिनो आम्लांमुळे कुठे धनभार, कुठे ऋणभार, कुठे पाण्यापासून दूर राहणारा तेलकट भाग असे वैविध्य असते आणि प्रतिपिंडाला त्यात पकड घेण्याजोगे पुष्कळ काही सापडते. साखरेच्या साखळीवर मात्र हायड्रॉक्सिल गटांचीच गर्दी असते आणि त्यांना पाण्याच्या रेणूंनी आधीच वेढलेले असते. ते पाणी बाजूला सारून प्रतिपिंडाला स्वतःची जागा करून घ्यावी लागते. त्यामुळे प्रथिनाच्या बाबतीत प्रतिपिंडाच्या एका भुजेची, म्हणजे लक्ष्य धरणाऱ्या एका टोकाची, पकड सहज नॅनोमोलर पातळीपर्यंत घट्ट होते, तर साखरेच्या बाबतीत ती बहुधा मायक्रोमोलरच्या आसपास, म्हणजे सुमारे हजारपट सैल राहते.

दुसरी अडचण प्राण्याच्या प्रतिकारयंत्रणेत आहे. बी-पेशीने बनवलेल्या प्रतिपिंडाची पकड उत्तरोत्तर सुधारावी, त्याचा वर्ग सुरुवातीच्या आयजीएमवरून नंतरच्या आयजीजीवर जावा आणि त्याची स्मृती शरीरात टिकावी, यासाठी टी-पेशींची मदत लागते. आणि टी-पेशी मुख्यतः प्रथिनांचे तुकडे ओळखतात. शुद्ध बहुशर्करा टोचली तर ही मदत मिळत नाही आणि प्राण्याकडून बहुतेक वेळा सैल पकडीचे आयजीएम प्रतिपिंडच मिळतात. न्यूमोकॉकस जिवाणूचे ‘विशिष्ट विद्राव्य द्रव्य’ ही बहुशर्करा आहे, हे हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी १९२३ साली दाखवले, आणि पुढच्या काही वर्षांत एव्हरी व गोबेल यांनी साखर प्रथिनाला जोडून टोचली की प्रतिसाद सुधारतो हे सिद्ध केले. आपल्या बाळांना दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीतील ‘हिब’ हा घटक याच तत्त्वावर बनतो. बुरशीच्या साखरांसाठीही हाच मार्ग वापरतात.

आता दुसरा भाग. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधलेल्या पद्धतीत प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडून ‘हायब्रिडोमा’ तयार करतात, आणि तो एकाच प्रकारचा, म्हणजे मोनोक्लोनल, प्रतिपिंड देत राहतो. परंतु ही जिवंत वस्तू आहे. ती मरते, बदलते, कधी उत्पादन थांबवते. मी एका प्रयोगशाळेत काम करत असताना द्रव नायट्रोजनची टाकी सुटीच्या काळात कोरडी पडली आणि तीन हायब्रिडोमा कायमचे गेले; त्यांचा जनुकक्रम कोणीही लिहून ठेवलेला नव्हता. पुनर्संयोजित प्रतिपिंडात आधी जनुकाचा क्रम हाती येतो आणि मग तो जनुक जिवाणूत, यीस्टमध्ये किंवा सस्तन प्राण्याच्या पेशीत घालून प्रतिपिंड बनवला जातो. क्रम माहीत असल्यामुळे तोच प्रतिपिंड वीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, जसाच्या तसा पुन्हा बनवता येतो. संशोधनात वापरले जाणारे प्रतिपिंड असे क्रमासह निश्चित केलेले असावेत, असे आवाहन ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी इतर शास्त्रज्ञांसह २०१५ साली ‘नेचर’मध्ये केले होते. मला ते पूर्णपणे पटते. मात्र एक सावधगिरी हवी : ‘पुनर्संयोजित’ या शब्दाने प्रतिपिंडाची ओळख पक्की होते, गुणवत्ता नव्हे. तो नेमक्या कोणत्या साखरेला धरतो, हे स्वतंत्रपणे तपासावेच लागते.

वडिलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांदरम्यान ‘गॅलॅक्टोमॅनन’ चाचणी पॉझिटिव्ह आली. नंतर डॉक्टर म्हणाले की ती खोटी पॉझिटिव्हही असू शकते. ही चाचणी नक्की काय शोधते?
— एक वाचक, पुणे

वडिलांच्या उपचाराचा निर्णय त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. मी फक्त चाचणीमागचे तत्त्व सांगतो.

ॲस्परजिलस ही बुरशी वाढत असताना तिच्या पेशीभित्तिकेतून गॅलॅक्टोमॅनन नावाची बहुशर्करा रक्तात सुटते. हिचा कणा मॅनोजचा असून त्याला गॅलॅक्टोजच्या छोट्या शाखा असतात, आणि हे गॅलॅक्टोज नेहमीच्या सहा अणूंच्या कड्याऐवजी पाच अणूंच्या कड्याच्या, ‘फ्युरॅनोज’ स्वरूपात असते. माणसाच्या शरीरात या रूपातील गॅलॅक्टोज बनतच नाही. म्हणून ते लक्ष्य फार मोलाचे आहे. स्टायनन, लाटजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली नेहमीच्या लहान उंदरांऐवजी मोठ्या उंदरांपासून, म्हणजे रॅटपासून, या शाखा ओळखणारे आयजीएम प्रतिपिंड मिळवले आणि त्यांतील ईबी-ए२ हा प्रतिपिंड आज जगभर वापरल्या जाणाऱ्या प्लेटेलिया चाचणीचा आधार आहे. अमेरिकेत या चाचणीला २००३ साली मान्यता मिळाली.

या चाचणीतील एक गोष्ट मला नेहमी सुंदर वाटते. प्रथिन शोधणाऱ्या अशाच चाचणीत सहसा दोन वेगवेगळे प्रतिपिंड लागतात : एक पकडायला, दुसरा दाखवायला. येथे दोन्ही कामे ईबी-ए२ हा एकच प्रतिपिंड करतो, कारण बहुशर्करेवर तीच खूण पुन्हापुन्हा येते. एका खुणेला तळातील प्रतिपिंड धरतो आणि दुसऱ्या खुणेला वरचा. शिवाय रक्तद्रव आधी उकळत्या तापमानाला तापवला जातो. त्यात प्रथिने साकळून खाली बसतात, रुग्णाचे स्वतःचे प्रतिपिंड गळून पडतात, पण साखर टिकते.

आता खोट्या पॉझिटिव्हविषयी. प्रतिपिंड साखरेची खूण ओळखतो, ती कोठून आली हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम या प्रतिजैविकाच्या पूर्वीच्या उत्पादनांत पेनिसिलियम बुरशीचे गॅलॅक्टोमॅनन उरलेले असे आणि त्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह येत असे. नंतरच्या उत्पादनांत हे प्रमाण बरेच घटले. शिरेतून देण्याच्या काही द्रावणांतील सोडियम ग्लुकोनेट ॲस्परजिलसच्याच एका जातीच्या किण्वनातून बनते, त्यानेही असे घडल्याची नोंद आहे. हिस्टोप्लाझ्मा आणि फ्युजेरियम या दुसऱ्या बुरशाही याच प्रतिपिंडाला प्रतिसाद देऊ शकतात. उलट, बुरशीविरोधी औषध आधीपासून चालू असेल तर खरा आजार असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणूनच डॉक्टर एका आकड्यावर न थांबता पुन्हा चाचणी करतात, सीटी स्कॅन पाहतात आणि गरज पडल्यास फुप्फुसातून काढलेल्या द्रावाची तपासणी करतात. त्यांनी आपल्याला शंका बोलून दाखवली, हे योग्यच झाले.

२०२१ मध्ये आईला म्युकरमायकोसिस झाला. तेव्हा रक्ताची अशी एखादी चाचणी का केली नाही, हा प्रश्न अजून मनातून जात नाही.
— एक वाचिका, सांगली

आपल्या मनातला सल मी समजू शकतो, आणि त्याचे उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे : तेव्हा करता येण्याजोगी अशी चाचणी रुग्णालयांच्या हाती नव्हती. म्युकर गटातील बुरशांच्या पेशीभित्तिकेत गॅलॅक्टोमॅनन नसते, त्यामुळे वर सांगितलेली चाचणी त्यांच्या बाबतीत निगेटिव्हच येते. दुसरी प्रचलित चाचणी बीटा-ग्लुकॅनची, म्हणजे अनेक बुरशांच्या भिंतीतील ग्लुकोजच्या साखळीची. ती प्रतिपिंडावर नव्हे, तर हॉर्सशू खेकड्याच्या रक्तातील विकरांवर (एन्झाइम) चालते, आणि तीही येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण या बुरशांत बीटा-१,३-ग्लुकॅन अत्यल्प असते. त्यांची भिंत कायटिन, कायटोसॅन आणि ग्लुक्युरॉनिक आम्लयुक्त साखळ्यांची असते. म्हणून नाकातून किंवा सायनसमधून ऊतीचा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, पडदे नसलेले तंतू शोधणे, हाच खात्रीचा मार्ग होता आणि आजही तोच मुख्य आहे.

या बुरशांत फ्युकोज ही साखर असलेली फ्युकोमॅनन नावाची बहुशर्करा आढळते. अमेरिकेतील नेव्हाडा येथील संशोधकांनी २०१८ साली तिच्याविरुद्धचे मोनोक्लोनल प्रतिपिंड वापरून संसर्ग झालेल्या उंदरांत ती शोधता येते, हे दाखवले. महाराष्ट्राने आणि गुजरातने २०२१ मध्ये जे सोसले, ते पाहता या एका लक्ष्यावर आपल्याकडे अधिक काम व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते. आपल्या आईच्या बाबतीत कोणी टाळता येणारी चूक केली, असा निष्कर्ष मात्र रक्तचाचणी न झाल्यावरून काढता येणार नाही.

द्राक्षबागेत डाऊनी आणि भुरी हे रोग दिसण्याच्या आधीच पानातील बुरशी ओळखणारी पट्टी अशा प्रतिपिंडांपासून बनू शकेल का?
— द्राक्ष बागायतदार, निफाड

कल्पना चांगली आहे, पण लक्ष्य नीट निवडावे लागेल. भुरी ही खरी बुरशी असून तिच्या भिंतीत कायटिन आणि ग्लुकॅन असते. डाऊनीचा कारक जीव मात्र खऱ्या बुरशांत मोडत नाही. तो बुरशीसारख्या दिसणाऱ्या ऊमायसीट गटातील आहे आणि त्याच्या भिंतीत मुख्यतः बीटा-ग्लुकॅन व सेल्युलोज असते. तेव्हा कायटिन ओळखणारा प्रतिपिंड डाऊनीसाठी भरवशाचा ठरणार नाही. ‘मग बीटा-१,३-ग्लुकॅन घेऊ’ असे कोणी सुचवले तर अडचण अशी की पानावर हल्ला झाला की वेल स्वतःच त्या जागी ‘कॅलोज’ साठवते, आणि कॅलोज हे बीटा-१,३-ग्लुकॅनच आहे. म्हणजे पट्टीवरची रेघ रोगामुळे आली की वेलीच्या बचावामुळे, की नुसत्या छाटणीच्या जखमेमुळे, हे सांगता येणार नाही. रोगकारक जिवाचे वैशिष्ट्य असलेली शाखायुक्त साखळी किंवा साखर जोडलेले प्रथिन शोधले, तरच अशी पट्टी विश्वासार्ह होईल.

प्राण्याला काहीही न टोचता प्रतिपिंड निवडता येतो, असे वाचले. ते कसे, आणि साखरेसाठी ते चालते का?
— निवृत्त विज्ञान शिक्षक, रत्नागिरी

चालते, पण प्रथिनांइतके सहज नाही. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ साली असे दाखवले की जिवाणूंना संसर्ग करणाऱ्या फाज विषाणूच्या पृष्ठभागावर आपल्याला हवे ते प्रथिन मिरवता येते आणि त्याचा जनुक त्याच विषाणूच्या पोटात राहतो. केंब्रिजमध्ये ग्रेगरी विंटर यांच्या गटाने १९९० साली याच रीतीने प्रतिपिंडाचा तुकडा फाजवर आणला. या दोघांना फ्रान्सेस अर्नोल्ड यांच्यासह २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अब्जावधी वेगवेगळे तुकडे मिरवणाऱ्या फाजांचा संग्रह लक्ष्यावर ओतायचा, न चिकटलेले धुऊन टाकायचे, चिकटलेले सोडवून जिवाणूत वाढवायचे आणि हे तीन-चार वेळा करायचे; शेवटी चांगली पकड असलेले थोडे प्रकार उरतात. धान्य वेगवेगळ्या चाळणींतून चाळत जावे, तसेच हे आहे.

साखरेच्या बाबतीत ही चाळणी अनेक ठिकाणी फसते. प्रथिन प्लास्टिकच्या तबकडीला आपोआप चिकटते, पाण्यात विरघळणारी बहुशर्करा मात्र धुताना निघून जाते. म्हणून तिला बायोटिन हा छोटा रेणू जोडून, त्याला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाविडिन प्रथिनाच्या मण्यांवर धरतात किंवा एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडतात. तसे केले की संग्रहातील कित्येक फाज साखरेऐवजी त्या प्रथिनालाच पकडू लागतात आणि त्यांना आधी गाळून काढावे लागते. शिवाय जोडणीच्या रसायनाने साखरेची कडी तुटली, तर आपण मोडक्या लक्ष्यावर निवड करत राहतो. आणखी एक बारीक बाब सहसा सुटते : फाज वाढवण्याच्या माध्यमात यीस्टचा अर्क असतो आणि त्यात यीस्टचे मॅनन असते. कॅन्डिडा या बुरशीच्या मॅननविरुद्ध निवड करताना फाज नीट शुद्ध केले नाहीत, तर हवे असलेले प्रकार माध्यमातील मॅनननेच आधी व्यापलेले असतात.

माझे मत विचाराल तर, बुरशीच्या साखरांसाठी लसीकरण केलेल्या प्राण्याच्या बी-पेशींपासून बनवलेला फाज-संग्रह हा आज अधिक भरवशाचा मार्ग आहे. एकदा क्रम हाती आला की त्या प्रतिपिंडासाठी पुन्हा प्राण्याची गरज लागत नाही.

एका जुन्या आयजीएम हायब्रिडोमातून जनुके काढून मी एससीएफव्ही बनवले. प्रथिन भरपूर मिळते, पण बीटा-ग्लुकॅनला अजिबात चिकटत नाही. कुठे चुकले असेल?
— पीएच.डी.चा विद्यार्थी, मुंबई

इतर वाचकांसाठी : एससीएफव्ही म्हणजे प्रतिपिंडाच्या जड आणि हलक्या साखळ्यांची फक्त टोके, साधारण पंधरा अमिनो आम्लांच्या लवचीक दुव्याने जोडलेली.

सर्वांत आधी हलक्या साखळीचा क्रम पुन्हा वाचा. उंदराच्या बऱ्याच हायब्रिडोमांत, ज्या कर्कपेशीशी जोडणी केली तिची स्वतःची एक निकामी कॅपा साखळी (हलक्या साखळीचा एक प्रकार) आरएनएच्या रूपात शिल्लक असते, आणि पीसीआरमध्ये कित्येकदा तीच जास्त प्रमाणात वाढते. तिच्या चौकटीत खंड असतो, पण घाईत तो नजरेतून सुटतो किंवा कोणी ‘दुरुस्त’ करून टाकतो. तसे झाले असेल तर आपल्या रेणूची अर्धी बाजू दुसऱ्याच कोणाची आहे.

साखळ्या बरोबर असतील, तर संशय पकडीवर जातो. आयजीएमला दहा भुजा असतात. एकेक भुजा सैल असली तरी पुनरावृत्त खुणा असलेल्या ग्लुकॅनवर दहा भुजांची एकत्रित पकड घट्ट बसते. आपण त्यातील एकच भुजा कापून घेतलीत आणि ती धुण्याच्या पहिल्याच फेरीत सुटली, यात नवल नाही. दुवा पाच अमिनो आम्लांपर्यंत आखूड केला, तर दोन रेणू एकमेकांत गुंतून दोन भुजांची डायाबॉडी बनते. किंवा मागे एफसी भाग, म्हणजे प्रतिपिंडाची शेपटी, जोडून एससीएफव्ही-एफसी बनवा. मग पुन्हा तपासा. हे करण्यापूर्वी प्रतिपिंड निकामी ठरवू नका.

वर्ग बदलतानाही दक्ष राहा. पाठ्यपुस्तकात शेपटीचा भाग बंधनात सहभागी होत नाही असे असते, पण क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या बाबतीत आर्टुरो कॅसाडेव्हॉल यांच्या गटाने १९९५ साली दाखवले की उंदरांना संरक्षण न देणारा आयजीजी३ प्रतिपिंड त्याच टोकांसह आयजीजी१ मध्ये बदलला की संरक्षण देऊ लागतो. पुढे शेपटीनुसार बंधनाची सूक्ष्म निवडही बदलते, असे त्यांना आढळले. म्हणून प्रत्येक नव्या रूपाची चाचणी नव्याने घ्या. त्यासाठी केवळ लॅमिनॅरिन या ग्लुकॅनवर विसंबू नका, कारण त्यात १,३ आणि १,६ दोन्ही जोडण्या असतात. सोबत कर्डलन, पुस्टुलन आणि बार्लीचे ग्लुकॅन ठेवा. शक्य असेल तर ठरावीक लांबीच्या, प्रयोगशाळेत जुळवलेल्या साखळ्या मिळवा. कोणती जोडणी, किती कड्या, हे त्यांच्यावरच कळते.

असे प्रतिपिंड औषध म्हणून देता येतील का?
— एक वाचक, ठाणे

प्रयत्न झाले आहेत. क्रिप्टोकॉकसच्या कवचातील ग्लुक्युरॉनोझायलोमॅनन ओळखणारा १८बी७ हा उंदराचा प्रतिपिंड एचआयव्हीबाधित आणि क्रिप्टोकॉकल मेंदूज्वराचे उपचार घेतलेल्या रुग्णांना देऊन पाहण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. जास्त मात्रेत रक्तातील प्रतिजन, म्हणजे हीच साखर, काही काळ घटला आणि नंतर पुन्हा पूर्वपातळीकडे गेला. त्याच साखरेचा वेध घेणारी पट्टीची निदान-चाचणी मात्र २०११ पासून अमेरिकेत मान्य झाली आणि आज जगभर रूढ आहे. दोन मोनोक्लोनल प्रतिपिंडांच्या मिश्रणावर चालणाऱ्या या पट्टीला सुमारे दहा मिनिटे पुरतात.

रोममधील संशोधकांचा २जी८ हा प्रतिपिंडही लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००९ साली त्यांनी दोन प्रतिपिंडांची तुलना केली : बीटा-ग्लुकॅनच्या १,३ जोडणीलाच नेमके धरणारा २जी८ उंदरांना कॅन्डिडापासून वाचवत होता, तर १,६ जोडणीलाही धरणारा दुसरा वाचवत नव्हता. पुढे २जी८ चे पुनर्संयोजित रूप तंबाखूच्या कुळातील एका वनस्पतीच्या पानांत बनवण्यात आले आणि तेथेही त्याने ग्लुकॅनला धरण्याची क्षमता राखली.